जोखमीची अँजिओप्लास्टी आणि रक्ताभिसरणाचा आधार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमकुवत हृदयाला इवल्याशा पंपाचा आधार देऊन अँजिओप्लास्टी केल्याच्या बातम्या अलीकडे वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतात. या बातम्यांत पंपाचे नाव असते, तो किती लहान आहे हे असते, रुग्ण कितव्या दिवशी चालू लागला हेही असते. मात्र त्या रुग्णाला पंप का लागला, तो न लावता काम होण्यासारखे होते का, आणि पंप लावण्याची म्हणून जी जोखीम असते ती कोणती, याविषयी सहसा एकही ओळ नसते. मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून आयुष्याची बरीच वर्षे काढली आणि त्यांतला मोठा काळ बलून पंपाच्या कन्सोलपाशी, म्हणजे तो चालवणाऱ्या यंत्रापाशी, उभी होते. मी डॉक्टर नाही आणि कोणाला उपचार सुचवणे हे माझे काम नाही. तरीही पडद्यावरची रक्तदाबाची रेघ सपाट होत जाताना मी पाहिली आहे, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ‘मशीन लावणार’ या दोन शब्दांपलीकडे काहीच ठाऊक नसते, हेही पाहिले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुळात आधार का लागतो, हे आधी सांगायला हवे. निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरात पाठवते. त्याचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातले निम्म्याहून अधिक रक्त महाधमनीत टाकतो आणि या प्रमाणालाच रुग्णालयात सगळे जण ‘पंपिंग’ म्हणतात. पंपिंग ६० टक्के असलेल्या माणसाच्या हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत, अडथळा उघडण्यासाठी, अर्धा मिनिट फुगा फुगवून ठेवला, तर त्या वाहिनीवर अवलंबून असलेला स्नायू काही ठोक्यांतच ढिला पडतो, पण बाकीचे हृदय ती तूट सहज भरून काढते. ज्याचे पंपिंग २०-२५ टक्क्यांवर आले आहे, ज्याच्या दोन वाहिन्या पूर्वीच बंद पडलेल्या आहेत आणि ज्याचे सारे हृदय उरलेल्या एकाच वाहिनीवर चालले आहे, त्याच्याकडे ही तूट भरून काढणारे ‘बाकीचे हृदय’ शिल्लकच नसते.

शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मिळण्याची रीत इतर अवयवांपेक्षा वेगळी आहे. आकुंचनाच्या वेळी स्नायू स्वतःच आपल्यातल्या बारीक वाहिन्या दाबून धरतो, त्यामुळे डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त पोहोचते ते मुख्यतः प्रसरणाच्या काळात. त्या काळात महाधमनीत असलेला दाब आणि कप्प्याच्या आत असलेला दाब यांच्यात जो फरक असेल, तेवढाच रक्त आत ढकलणारा जोर. दुबळे हृदय थकले की महाधमनीतला दाब उतरतो आणि कप्पा तुंबून आतला दाब चढतो, म्हणजे हा फरक दोन्हीकडून आकसत जातो. त्यातच हा स्नायू विश्रांतीतही आपल्याकडे येणाऱ्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू उचलत असतो, त्यामुळे रक्त कमी आले तर त्यातूनच जास्त प्राणवायू काढून घेण्याची सवड त्याला फारशी नाही. दाब कमी म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून आकुंचन क्षीण, आणि आकुंचन क्षीण म्हणून दाब आणखी कमी, असा फेरा एकदा सुरू झाला की फुगा सोडल्यावरही तो पुष्कळदा थांबत नाही. लेफ्ट मेन म्हणजे डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीच्या तोंडाशीच अडथळा असेल, किंवा चुन्यासारखा कडक झालेला थर रोटाब्लेशनच्या मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्या आसपास फिरणाऱ्या हिरेकणीने घासावा लागत असेल आणि तो भुगा पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकून प्रवाह मंदावत असेल, तर हा फेरा फार लवकर सुरू होऊ शकतो.

आधार देणारे यंत्र ब्लॉकेज उघडत नाही, मेलेल्या स्नायूला जिवंत करत नाही आणि स्टेंट नीट बसला आहे की नाही हेही ठरवत नाही. ते वेळ देते. ती वेळ कोणाला लागणार आहे आणि तिच्यासाठी किती किंमत मोजायची, हा निर्णय माणसांनी घ्यायचा असतो, आणि माझ्या मते बातमी असलीच तर ती त्या निर्णयाची आहे.

या साधनांपैकी सर्वांत जुना आणि माझ्या सर्वांत परिचयाचा म्हणजे महाधमनीत ठेवायचा बलून पंप. १९६२ मध्ये मौलोपौलोस, टोपाझ आणि कोल्फ यांनी त्याची कल्पना प्रयोगशाळेत मांडली आणि १९६७ मध्ये ब्रुकलिनमध्ये एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी तो प्रथम रुग्णाला लावला. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये जगातली पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली ती १९७७ मध्ये, म्हणजे आधाराचे हे साधन अँजिओप्लास्टीपेक्षा दहा वर्षांनी वडील आहे. जांघेतल्या धमनीतून वर सरकवलेला हा लांबट फुगा डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्याच्या किंचित खाली ठेवतात. प्रौढ माणसासाठी तो साधारण ४० मिलिलिटरचा असतो आणि हेलियम वायूने भरतो, कारण हा वायू अतिशय हलका असल्याने लांब, अरुंद नळीतून एका ठोक्याच्या आत ये-जा करू शकतो. हृदय प्रसरण पावत असताना फुगा फुगतो आणि रक्त मागे हृदयाच्या वाहिन्यांकडे रेटतो, पुढचे आकुंचन सुरू होण्याच्या ऐन आधी तो झटक्यात रिकामा होतो आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत रक्त ढकलणे हृदयाला सोपे जाते. आमची सगळी कसरत या वेळेची असे. फुगा थोडा आधी फुगला तर अजून रक्त टाकत असलेल्या हृदयापुढे भिंत उभी राहते आणि उशिरा रिकामा झाला तरी तेच होते, म्हणजे आधारासाठी लावलेले यंत्रच ओझे होते.

बलून पंपाची मर्यादाही इथेच आहे. तो स्वतः रक्त वाहून नेत नाही. हृदय जे करते त्यात मिनिटाला अर्धा ते एक लिटरची भर घालतो. ठोके फार वेडेवाकडे पडू लागले की त्याचा ताल चुकतो आणि हृदय थांबलेच तर त्याचा उपयोग जवळपास संपतो. महाधमनीची झडप बरीच गळत असेल, तर फुगा प्रत्येक ठोक्याला रक्त परत कप्प्यात ढकलतो, म्हणून अशा रुग्णाला तो लावत नाहीत.

हृदयाच्या तालावर अवलंबून नसलेला पंप हवा, या गरजेतून दुसरी वाट निघाली. रिचर्ड वॅम्पलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी इजिप्तमध्ये पाणी वर चढवण्यासाठी वापरले जाणारे आर्किमिडीजचे फिरते मळसूत्र पाहिले आणि तेच तत्त्व धमनीत वापरता येईल, असे त्यांच्या मनात आले. त्यातून तयार झालेला हेमोपंप १९८८ मध्ये प्रथम माणसाला लावला गेला. अनुभवी मंडळींनीही अशक्य मानलेली ही गोष्ट होती, कारण इतक्या वेगाने फिरणारे पाते रक्तपेशींचा चुराडा करील, अशी तेव्हा भीती होती. आज बातम्यांत ज्याचे नाव येते तो इम्पेला पंप याच कुळातला. त्याची नळी जांघेतून महाधमनीच्या झडपेपलीकडे डाव्या कप्प्यात जाते. आतल्या तोंडाने रक्त ओढून घेऊन झडपेच्या वर महाधमनीत सोडते आणि तिच्यातले पाते मिनिटाला ४० हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते. आधीचा पंप मिनिटाला सुमारे अडीच लिटर रक्त वाहून नेई, नंतरचा मोठा पंप साडेतीन लिटरच्या आसपास नेतो. यामुळे कप्पा रिकामा होतो, आतला दाब उतरतो आणि वर सांगितलेला फरक दोन्हीकडून वाढतो. कप्प्यात रक्ताची गुठळी असेल किंवा महाधमनीची झडप कृत्रिम धातूची असेल, तर मात्र तो चालत नाही. आणि उजव्या बाजूने डावीकडे रक्तच आले नाही तर हा पंप रिकाम्या हौदातून पाणी ओढू लागतो आणि कन्सोल ओरडू लागतो.

एक्मोबद्दल थोडक्यात सांगते. एका मोठ्या नीलेतून रक्त बाहेर काढायचे, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि धमनीतून परत सोडायचे, असे ते यंत्र आहे. हृदय पूर्ण थांबलेले असले तरी ते शरीराला तगवते, पण दुबळ्या डाव्या कप्प्याला त्या उलट्या प्रवाहाविरुद्ध झडप उघडावी लागते, म्हणून कप्पा तुंबू नये यासाठी पुष्कळदा आणखी एक सोय करावी लागते. डाव्या वरच्या कप्प्यातून रक्त घेऊन जांघेच्या धमनीत सोडणारे टँडमहार्टही याच कामाचे. त्यासाठी हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा टोचून नळी न्यावी लागते, आणि हे कौशल्य सर्वत्र नसते.

आता पुराव्याकडे वळते, कारण बातम्यांत जे मुळीच येत नाही ते हेच. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीसीआयएस-१ या चाचणीत पंपिंग ३० टक्के किंवा त्याहून कमी आणि वाहिन्यांचा आजार मोठा, अशा ३०१ रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी केली होती. निम्म्यांना आधीपासून बलून पंप लावला, निम्म्यांना लावला नाही. रुग्णालयातून घरी जाईपर्यंतच्या मोठ्या दुर्घटना (मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या) एका गटात १५.२ टक्के आणि दुसऱ्यात १६ टक्के, म्हणजे फरक नाहीच. मात्र पंपाविना सुरुवात केलेल्यांपैकी १२ टक्के रुग्णांना तो मध्येच तातडीने लावावा लागला, आणि पुढे काही वर्षांनी पाहिले तेव्हा आधीपासून पंप लावलेल्या गटात मृत्यू कमी आढळले. असे का झाले याचे समाधानकारक उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये, असे मला वाटते.

इम्पेलाचा लहान पंप आणि बलून पंप यांची समोरासमोर तुलना प्रोटेक्ट-२ या चाचणीत झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. त्यात साडेचारशेच्या आसपास रुग्ण होते. ३० दिवसांतल्या दुर्घटना इम्पेलाच्या गटात ३५.१ टक्के आणि बलून पंपाच्या गटात ४०.१ टक्के होत्या, पण हा फरक योगायोगाचा नाही असे म्हणता येण्याइतका नव्हता. ९० दिवसांनी तो वाढून ४०.६ विरुद्ध ४९.३ टक्के झाला, तरी सर्व रुग्ण मोजले असता तोही निर्णायक ठरला नाही, आणि चाचणी तर नियोजित संख्येपूर्वीच थांबवण्यात आली होती. या आकड्यांतून पंपाच्या बाजूने एक कल दिसतो, हे मान्य करूनही ‘जीव वाचवणारे तंत्र’ हे शब्द त्यांच्यावर टेकवता येत नाहीत.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. आधीच ठरवून केलेली जोखमीची अँजिओप्लास्टी एक, आणि हार्ट अटॅकमुळे रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेला रुग्ण दुसरा. बातमीत दोघांची मोट बांधली जाते. शॉकच्या रुग्णांत बलून पंपाने ३० दिवसांतले मृत्यू कमी होत नाहीत, हे जर्मनीतल्या ६०० रुग्णांच्या चाचणीने २०१२ मध्ये दाखवले. एक्मोनेही ते कमी झाले नाहीत, असे २०२३ मध्ये दिसले. २०२४ मधल्या डेंजर-शॉक चाचणीत मात्र निवडक रुग्णांत इम्पेलाच्या मोठ्या पंपाने सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आले. हा खरोखर मोठा फायदा आहे आणि तो मनापासून नोंदवला पाहिजे. पण त्याच चाचणीत मोठा रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे, रक्तपेशी फुटणे अशा गंभीर दुष्परिणामांचे एकत्रित प्रमाण पंपाच्या गटात २४ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.२ टक्के होते. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णासाठी हा सौदा स्वीकारण्याजोगा आहे. चालत रुग्णालयात आलेल्या, ठरलेल्या तारखेला टेबलावर झोपलेल्या रुग्णासाठी तोच सौदा तसाच राहत नाही, आणि एका गटाचा फायदा दुसऱ्या गटाच्या नावावर मांडणे ही चूक आहे.

रक्तस्राव आणि पाय यांविषयी मी मुद्दाम अधिक लिहीत आहे, कारण यंत्राचे काम लॅबमध्ये संपले तरी त्याची झळ पुढे वॉर्डात लागते. नळ्यांची जाडी फ्रेंच या मापात मोजतात आणि तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. बलून पंपाची नळी सात-आठ फ्रेंच असते, इम्पेलाच्या मोठ्या पंपाला १४ फ्रेंच लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेपाच मिलिमीटर. जांघेतली धमनीच मुळात सहा ते आठ मिलिमीटरची. मधुमेहाने किंवा तंबाखूने खराब झालेली असली, किंवा बाईमाणसाची बारीक चणीची असली, तर त्याहूनही अरुंद. नळीने धमनी भरून टाकली की खाली पायाला रक्त जायला वाट उरत नाही. पाय थंड पडणे, पांढरा होणे, बोटे हलवता न येणे, ही लक्षणे रात्रपाळीच्या सिस्टरला दर तासाला पाहावी लागतात. लघवी लालसर झाली तर पेशी फुटत असल्याची शंका घ्यावी लागते. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन चालू असते, आणि तेच हेपॅरिन जांघेतून होणारा रक्तस्राव थांबू देत नाही. धमनी सोनोग्राफीखाली पाहून टोचणे, नळी काढल्यावर धमनी बंद करण्यासाठी टाके आधीच घालून ठेवणे, आणि गरज संपताक्षणी नळी काढून टाकणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी ही हानी पुष्कळ कमी होते.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. रुग्णालयाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. रुग्णाचे पंपिंग जेमतेम होते आणि एकच वाहिनी चालू होती. तरीही ‘बघू, लागला तर लावू’ एवढ्यावरच काम सुरू झाले. बलून पंप शेजारच्या खोलीत होता, त्याच्या हेलियमच्या सिलिंडरचा दाब कोणी पाहिला नव्हता, आणि दुसऱ्या जांघेत साधी लहान नळीही घालून ठेवलेली नव्हती. वाहिनीत दुसऱ्यांदा फुगा फुगवला आणि दाब पडला तो पुन्हा वर आलाच नाही. छातीवर दाब देणे चालू असताना, नाडी लागत नसलेल्या जांघेत धमनी शोधणे किती कठीण असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. पंप चालू झाला तेव्हा फार उशीर झाला होता. त्या रुग्णाला आधीपासूनच पंप लावायला हवा होता, असे मी ठामपणे म्हणणार नाही, कदाचित नसेलही. पण तो लावायचा की नाही, कोणत्या क्षणी लावायचा आणि कोणत्या पायातून लावायचा, हे टेबलावर घेण्यापूर्वी ठरलेले असायला हवे होते, आणि सिलिंडर तपासलेला असायला हवा होता. तो तपासणे माझ्याही कामात बसत होते.

यापुढचा प्रश्न पंपाच्याही अलीकडचा आहे: ही अँजिओप्लास्टी करायचीच का? पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या ७०० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या रिवाइव्ह्ड चाचणीत, औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केलेल्या गटात आणि केवळ उत्तम औषधोपचार दिलेल्या गटात, मृत्यू किंवा हृदय निकामी होण्याने पुन्हा भरती होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले; ३७.२ आणि ३८ टक्के. ही गोष्ट २०२२ मधली. दुसरीकडे अशाच कमी पंपिंगच्या १२१२ रुग्णांवरील स्टिच चाचणीत बायपास शस्त्रक्रिया केलेल्यांत दहा वर्षांतले मृत्यू ५८.९ टक्के आणि केवळ औषधे घेतलेल्यांत ६६.१ टक्के होते. छातीतले दुखणे औषधांनी आटोक्यात येत नसेल, किंवा वय, मूत्रपिंडे, फुप्फुसे यांमुळे सर्जनने बायपास नाकारली असेल, तर आधारासह अँजिओप्लास्टी हा रास्त मार्ग ठरू शकतो, आणि अशा रुग्णांना त्याने उठून बसवल्याचे मी पाहिले आहे. पण पंप हाताशी आहे म्हणून अँजिओप्लास्टी, असा उलटा प्रवास होऊ नये. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, कप्प्याच्या आतला दाब आणि शक्य असेल तर हृदयाचा प्रवाह मोजून, पायांच्या धमन्या पाहून मग ठरवावे. नातेवाइकांनीही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी बायपासचा विचार झाला का, पंप कशासाठी हवा आहे, तो आधीपासून लावणार की तयारीत ठेवणार, पायाची काळजी कोण घेणार आणि नळी केव्हा काढणार, हे विचारावे. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग आलेला मी पाहिलेला नाही.

आपल्याला माझी विनंती एवढीच आहे की यापुढे अशी बातमी आली, तर ती देणाऱ्यांकडून रुग्णाचे आधीचे पंपिंग किती होते, सर्जनचे मत घेतले होते का, आणि पंप किती तासांनी काढला, एवढे तरी विचारून छापावे. आणि तीन महिन्यांनी तो रुग्ण कसा आहे, त्याचा पाय कसा आहे, हे विचारायला आपला प्रतिनिधी पुन्हा एकदा पाठवावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कॅथ लॅब तंत्रज्ञ